नवापूरची कोंबडी, पुण्याचा ताप आणि मधलं डुक्कर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग. बोललो तसाच ठेवलाय, थोडा झाडून-पुसून.

आजची गोष्ट एका रेल्वेप्रवासापासून सुरू होते. ऑगस्ट २००९. मी तेव्हा पुण्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. ३ ऑगस्टला पुण्यात १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने गेली. भारतातला हा पहिला मृत्यू. पुढच्या काही दिवसांत शहराचं रूपच पालटलं. शाळा-कॉलेजं बंद, थिएटरं बंद, मॉल बंद. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी भल्या मोठ्या रांगा. मेडिकलवाल्यांकडे मास्क संपले म्हणून लोक रुमाल बांधून फिरायला लागले. आमचं होस्टेल दोन दिवसांत रिकामं झालं आणि मीही महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडून घरी निघालो. दौंड, मनमाड, चाळीसगाव, जळगाव.

डब्यात प्रत्येकाच्या तोंडाला काहीतरी बांधलेलं. कुणाच्या रुमालात कापराची पुडी, कुणाच्या निलगिरीचे थेंब. कुणी शिंकलं की आख्खा डबा वळून बघायचा. आणि मला, खरं सांगतो, मनमाडच्या पुढे बारीक कणकण होती. घसा खवखवत होता. मी कुणाला सांगितलं नाही. उतरवून देतील, अशी भीती होती. घरीही सांगितलं नाही. एक गोळी घेतली आणि दोन दिवस "प्रवासाने दमलोय" म्हणून पडून राहिलो. तो स्वाइन फ्लू होता की साधं पडसं, हे आता कधीच कळणार नाही.

पण त्या दोन दिवसांत खिडकीतून मी काय बघितलं? आमच्या कॉलनीमागच्या नाल्याजवळ एक कुटुंब डुकरं पाळायचं. कॉलनीतली चार-पाच पोरं काठ्या घेऊन त्यांची डुकरं पळवत होती. दुकानदार त्या घरातल्या बाईला "लांब उभी राहा, लांब" म्हणत होता. त्यांचा मुलगा आमच्यात क्रिकेट खेळायचा. त्या आठवड्यात त्याला कुणी खेळायला घेतलं नाही. माझी आजी अमळनेरकडची, अस्सल अहिराणी बोलणारी. ओट्यावर बसून हे सगळं बघत होती. ती एवढंच म्हणाली, "तो डुक्करनी काय करं रे?"

आजीच्या त्या प्रश्नाचं नीट उत्तर शोधायला मला बरीच वर्षं लागली. आजचा भाग म्हणजे ते उत्तर. ते जरा गुंतागुंतीचं आहे, कारण डुक्कर निर्दोषही आहे आणि धोकाही तिथेच आहे.

मानमोडी

चला, शंभर वर्षं मागे जाऊ. तुमच्या घरात पणजोबांच्या काळातलं कुणी काही सांगून गेलं असेल, तर 'मानमोडीची साथ' हा शब्द कानावर पडला असेल. मान मोडून टाकणारा ताप. जग ज्याला स्पॅनिश फ्लू म्हणतं, त्याचं हे आपलं मराठी नाव. आजीचा जन्म साथीनंतरचा, पण तिच्या आईची दोन भावंडं एकाच आठवड्यात मानमोडीने गेली होती. घरात ती गोष्ट हळू आवाजातच सांगितली जायची.

साल १९१८. पहिलं महायुद्ध संपत आलेलं. जून महिन्यात मुंबईच्या बंदराकडून ताप शहरात शिरला. पहिल्या आजाऱ्यांमध्ये पोलीस शिपाई होते. ही पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली आणि ती भयंकर होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ माणसं मेली.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. मुंबईहून निघालेली गाडी कल्याण, इगतपुरी, मनमाड करत चाळीसगावला येते. तिथून एक फाटा धुळ्याला. मुख्य लाइन पाचोरा, जळगाव करत भुसावळला. भुसावळहून तापी खोऱ्यातली दुसरी लाइन अमळनेर, नंदुरबार, नवापूर करत सुरतेला. इंग्रजांनी १९०६ मध्ये खान्देशाचे दोन जिल्हे केले होते, पूर्व आणि पश्चिम, म्हणजे मुख्य ठाणी जळगाव आणि धुळे. दोन्ही रेल्वेने बांधलेले. कापूस त्याच रुळांवरून मुंबईला जायचा आणि सुट्टीवरचा सैनिक, गिरणीतून पळालेला कामगार त्याच रुळांवरून गावी यायचा. साथ पसरण्यात रेल्वेचा मोठा हात होता, हे तेव्हाच्या सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांनीही अहवालात नोंदवून ठेवलंय.

त्यात १९१८ चा पाऊस दगा देऊन गेला होता. धान्य महाग, अंगात ताकद नाही. मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं गेली. अख्ख्या हिंदुस्थानात किती, यावर अभ्यासकांचे अंदाज वेगवेगळे आहेत, साधारण सव्वा कोटी ते पावणेदोन कोटी. १९११ ते १९२१ हे जनगणनेतलं एकमेव दशक, ज्यात भारताची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. आणि मेलेले कोण होते? नेहमीच्या फ्लूसारखी फक्त म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं नव्हती. २० ते ४० वयातली तरणीताठी माणसं होती. शेतात राबणारी, घर चालवणारी. आपल्याकडे बायका पुरुषांपेक्षा जास्त गेल्या.

तिकडे आयोवात

आता थोडी लांब उडी मारूया, कारण डुक्कर या गोष्टीत इथे येतं. त्याच १९१८ च्या शरदात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सीडर रॅपिड्स गावी डुकरांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. आपल्याकडे बैलबाजार भरतो तसं समजा. तिथली डुकरं अचानक आजारी पडली. नाकं गळतायत, ताप, धाप. जे. एस. कोएन नावाच्या सरकारी पशुवैद्यकाने पाहिलं की घरातल्या माणसांना फ्लू झाला की डुकरांना होतो आणि डुकरांना झाला की माणसांना. त्याने या रोगाला डुकरांचा फ्लू म्हटलं. डुकरं पाळणारे लोक चिडले. धंदा बसेल ना! पण कोएन मागे हटला नाही.

तेव्हा विषाणू कुणी पाहिलाच नव्हता. १९३१ मध्ये रिचर्ड शोप या शास्त्रज्ञाने आजारी डुकरांतून तो वेगळा काढला. माणसाच्या फ्लूचा विषाणू त्याच्या दोन वर्षांनी, १९३३ मध्ये लंडनला सापडला. म्हणजे बघा, फ्लूचा विषाणू आधी डुकरात सापडला, मग माणसात.

मग शोपने एक साधा पण जबरदस्त प्रयोग केला. वेगवेगळ्या वयाच्या माणसांचं रक्त घेतलं आणि ते डुकराच्या विषाणूला रोखतं का ते तपासलं. मोठ्या माणसांचं रक्त रोखत होतं. बारा वर्षांखालच्या मुलांचं रोखत नव्हतं. याचा अर्थ काय? मोठ्यांना हा विषाणू पूर्वी कधीतरी भेटून गेला होता. कधी? १९१८ च्या साथीत! माणसांतला फ्लू तोवर बदलत पुढे निघून गेला होता, पण १९१८ चा विषाणू डुकरांत जवळपास तसाच राहिला होता.

आणि आजच्या बहुतेक शास्त्रज्ञांचं मत असं की १९१८ मध्ये तो विषाणू माणसांकडून डुकरांकडे गेला असावा. आजीला उत्तराचा पहिला भाग इथे मिळतो. मानमोडी आपण डुकराला दिली. त्याने ती सांभाळून ठेवली.

पण सांभाळली कशी? पाळलेलं डुक्कर सहसा सहा-आठ महिन्यांचं झालं की कापलं जातं. त्याच्या जागी नवी पिल्लं येतात, ज्यांना रोगाची ओळखच नसते. माणसांत विषाणूला टिकायचं तर दरवर्षी रूप बदलावं लागतं, कारण आपण जुनं रूप लक्षात ठेवतो. डुकरांत त्याला तेवढी घाई नसते. म्हणून डुकरांचे कळप म्हणजे जुन्या फ्लूची कणगीच. आपण विसरून गेलेलं बियाणं तिथे पडून असतं.

आठ पानांचा डाव

आता नवापूर. २००६ चा फेब्रुवारी आठवतोय का? तुमच्यातले बरेच जण तेव्हा बालवाडीत असतील. १८ फेब्रुवारीला जाहीर झालं की नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू, म्हणजे एच५एन१ सापडलाय. भारतात पहिल्यांदाच. नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं, तेव्हा ही आपलीच गोष्ट. नवापूर स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. त्या गावाचं नाव एका रात्रीत देशभर झालं. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. पांढरे सूट घातलेली माणसं सगळ्यांनी टीव्हीवर बघितली. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या सावदा, मारूळ, हातेड, साळवे या गावांतल्या परसातल्या कोंबड्यांमध्येही तो सापडला. सुदैवाने माणसांत एकही लागण नोंदली गेली नाही. पोल्ट्रीवाल्यांचं मात्र कंबरडं मोडलं.

तुम्ही म्हणाल, कोंबडीचा डुकराशी काय संबंध? सांगतो. श्रावणात पत्ते खेळता ना? फ्लूच्या विषाणूच्या हातात आठ पानं असतात, म्हणजे त्याची जनुकं आठ वेगवेगळ्या तुकड्यांत असतात. समजा एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू शिरले. आठ अधिक आठ, सोळा पानं पिसली जातात आणि बाहेर पडणाऱ्या नव्या विषाणूच्या हातात कोणतीही आठ येऊ शकतात. बहुतेक वेळा डाव फालतू निघतो. एखाद्या वेळी मात्र हुकमाची सगळी पानं एकाच हातात येतात.

पक्ष्यांचा फ्लू पेशीच्या एका प्रकारच्या कडीला धरतो, माणसांचा दुसऱ्या प्रकारच्या. डुकराच्या श्वासनलिकेत दोन्ही प्रकारच्या कड्या असतात. त्यामुळे पक्ष्याचा फ्लूही तिथे शिरू शकतो, माणसाचाही, आणि डुकरांचा स्वतःचा असतोच. पत्ते पिसायला याहून चांगली जागा नाही. डुक्कर ही एकमेव जागा नाही, हेही खरं. बर्ड फ्लू थेट माणसालाही होऊ शकतो. भारतात त्याने जुलै २०२१ मध्ये हरियाणाच्या एका ११ वर्षांच्या मुलाचा जीव घेतला. पण माणसांमध्ये सहज पसरणारा नवा फ्लू तयार व्हायला डुक्कर हे सोयीचं ठिकाण आहे. आणि २००९ मध्ये नेमकं तेच झालं.

तरण्यांना धरलं, आजींना सोडलं

एप्रिल २००९ मध्ये मेक्सिकोत आणि कॅलिफोर्नियात एक अनोळखी फ्लू दिसला. त्याची आठ पानं उलगडली तेव्हा कळलं की सहा पानं उत्तर अमेरिकेतल्या डुकरांच्या फ्लूची आणि दोन युरोप-आशियातल्या डुकरांच्या फ्लूची. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पान, म्हणजे ज्याने विषाणू पेशीला चिकटतो, ते थेट १९१८ च्या खानदानातलं! मानमोडीचंच बियाणं, डुकरांच्या कणगीतून नव्वद वर्षांनी बाहेर आलं होतं.

१६ मे २००९ ला भारतातला पहिला रुग्ण हैदराबादला सापडला, अमेरिकेहून विमानाने आलेला. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक साथ जाहीर केली. ऑगस्टमध्ये पुणे. नमुने तपासत होती पुण्याचीच राष्ट्रीय विषाणू संस्था, १९५२ मध्ये सुरू झालेली. रात्रंदिवस काम चालू होतं.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत म्हणू नये. घरात सगळे आजीची काळजी करत होते. "म्हातारीला जपा." पण या फ्लूने जगभर म्हाताऱ्यांना तुलनेने सोडलं. जगातले पहिल्या वर्षाचे बळी दीड लाख ते पावणेसहा लाख, असा अंदाज आहे, आणि त्यातले सुमारे ८० टक्के ६५ वर्षांखालचे. कारण १९५० च्या आधी जन्मलेल्यांना लहानपणी मानमोडीच्या खानदानातला फ्लू होऊन गेला होता आणि त्यांच्या शरीराला तो आठवत होता. माझ्या आजीच्या रक्तात ती आठवण असण्याची शक्यता होती. माझ्या रक्तात नव्हती. शोपने १९३० च्या दशकात जे बारा वर्षांखालच्या मुलांत पाहिलं, तेच २००९ मध्ये आपल्या पिढीत दिसलं.

आणि खान्देशात हा विषाणू आला कसा? नाल्याकाठच्या डुकरांकडून नक्कीच नाही. तो विमानाने देशात आला आणि रेल्वेने, एसटीने, माणसांच्या नाकातोंडातून गावोगाव गेला. माझ्यासारख्यांच्या. जागतिक आरोग्य संघटनेने ३० एप्रिललाच 'स्वाइन फ्लू' हे नाव बाजूला ठेवलं होतं. पण आपल्या बातम्यांत, व्हॉट्सॲपवर ते आजही चिकटून आहे. खरं तर तो विषाणू आता माणसांचा नेहमीचा फ्लू होऊन बसलाय. २०१५ मध्ये त्याने भारतात मोठी उचल खाल्ली, सुमारे ४२ हजार रुग्ण आणि तीन हजारांच्या आसपास मृत्यू. उलट डुकरांनाच तो आता माणसांकडून होतो. २००९ मध्ये उत्तर प्रदेशातल्या डुकरांत सापडलेल्या एच१एन१ चं नातंही माणसांतल्या साथीच्या विषाणूशी जुळलं.

नावामुळे काय होतं, याचा मोठा धडा इजिप्तने दिला. एप्रिल-मे २००९ मध्ये, देशात एकही रुग्ण नसताना, तिथल्या सरकारने देशातली सगळी डुकरं, सुमारे तीन लाख, मारायचा हुकूम काढला. ती डुकरं मुख्यतः कैरोचा कचरा उचलणाऱ्या गरीब ख्रिश्चन कुटुंबांची होती. ओला कचरा डुकरं खायची. डुकरं गेली, त्या लोकांची रोजीरोटी गेली, कैरोत कचऱ्याचे ढीग लागले. आणि फ्लू? तो जूनमध्ये आलाच.

मग धोका कुठे आहे?

इथे मला वाटतं बरेच जण चुकतात. एक गट म्हणतो, डुकरं मारा. दुसरा म्हणतो, डुकरांचा काही संबंधच नाही. दोन्ही सोपी उत्तरं आहेत आणि दोन्ही चूक आहेत.

कणगीत बियाणं अजून आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या शेतकी जत्रांमध्ये डुकरांकडून ३०० हून अधिक लोकांना एच३एन२ फ्लूचा एक प्रकार झाला, त्यात बहुतेक लहान मुलं. का? कारण तो १९९० च्या दशकातल्या माणसांच्या फ्लूसारखा होता. मोठ्यांना तो ओळखीचा, मुलांना नवा. २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी डुकरांत पसरलेल्या आणखी एका प्रकाराबद्दल लिहिलं. त्यांनी तपासलेल्या डुक्करपालन कामगारांपैकी सुमारे दहा टक्के लोकांच्या रक्तात त्याच्या लागणीच्या खुणा होत्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये डुकरांतल्या फ्लूसारख्या विषाणूचा एक रुग्ण नेहमीच्या तपासणीत सापडला. यातला कुठलाही विषाणू माणसांत सतत पसरू लागलेला नाही. पण प्रत्येक लागण म्हणजे डावातला एक नवा हात.

म्हणून खरं काम म्हणजे लक्ष ठेवणं. मोठ्या फार्मवरच नाही, नाल्याकाठच्या कळपातही. डुकरं खोकायला लागली, नाकं गळायला लागली की पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवता यायला हवं. आता विचार करा, ज्या कुटुंबाला आपण २००९ मध्ये काठ्या घेऊन पळवलं, ते उद्या आजारी डुक्कर दाखवायला येईल का? लपवेल. डुकरं रातोरात दुसऱ्या गावाला विकेल. मी नाही का गाडीत माझा ताप लपवला? भीती वाटली की माणूस लपवतो. मी लपवला, तोही लपवेल. आणि फ्लूला नेमकं तेच हवं असतं.

आपल्या हातात काय? स्वतःला ताप-खोकला असेल तर घरी थांबायचं, मास्क लावायचा, जनावरांच्या जवळ जायचं नाही. आपण त्यांना देतो, हे विसरायचं नाही. घरात दम्याचं, मधुमेहाचं कुणी असेल किंवा बाई गरोदर असेल तर फ्लूच्या वार्षिक लसीबद्दल डॉक्टरांना विचारायचं. नीट शिजवलेल्या मांसातून फ्लू होत नाही, ही फॉरवर्ड करायची गोष्ट आहे. आणि बातमीत 'स्वाइन फ्लू' वाचलं की कुणाच्या तरी घराकडे बोट दाखवण्याआधी एक क्षण थांबायचं.

आजी २०१६ मध्ये गेली. तिला मी हे सगळं कधी नीट सांगू शकलो नाही. नाल्याकाठचं ते कुटुंब २००९ च्या दिवाळीआधीच कॉलनी सोडून गेलं. कुठे, ते कुणी विचारलं नाही. त्या आठवड्यात पुण्याहून ताप घेऊन कॉलनीत आलेला माणूस एकच होता, आणि तो खिडकीत बसून त्यांची डुकरं पळताना बघत होता.

तुमच्या घरात मानमोडीची काही आठवण सांगितली जात असेल, कुणाच्या पणजीची, कुणाच्या ओस पडलेल्या वाड्याची, तर व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. अहिराणीत पाठवली तर जास्तच छान. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि कणकण असेल तर सांगून टाका!